चिप मोजून झाल्या, आता वॅट मोजू या

देशात नवा महासंगणक कार्यान्वित झाला किंवा कृत्रिम प्रज्ञेसाठी ग्राफिक्स प्रोसेसरांची नवी खरेदी जाहीर झाली की बातमीत एक आकडा ठळकपणे येतो. कधी तो चिपांच्या संख्येचा असतो, कधी पेटाफ्लॉप्सचा. तो वाचून आपल्याला आनंद होतो आणि तो व्हायलाही हवा. परंतु त्या यंत्राला किती वीज लागणार, ती कोणत्या दर्जाची असणार आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता कुठे नेऊन सोडणार, याविषयी बातमीत बहुधा एक ओळही नसते. जणू संगणक म्हणजे निव्वळ बुद्धी. त्याला ना भूक आहे, ना घाम!

याच्या अगदी उलट चित्र संगणक जोडण्याचा छंद असलेल्या मंडळींमध्ये दिसते. स्वतःच्या खिशातून एकेक सुटा भाग विकत घेऊन घरच्या टेबलावर संगणक उभा करणारी ही हौशी माणसे प्रोसेसरइतकीच, किंबहुना त्याहून अधिक तावातावाने, पंख्यांवर, थर्मल पेस्टवर आणि एसएमपीएसवर वाद घालतात. प्रयोगशाळेतील आम्हा लोकांना हे वाद बरेचदा पोरकट वाटतात. मलाही वाटत असत. माझे हे मत कसे बदलले, ते आधी सांगतो. कारण या लेखातील म्हणणे त्या अनुभवातूनच आलेले आहे.

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी आमच्या गटाने संख्यात्मक गणितांसाठी एक संगणक जोडून घेतला. पैसे प्रकल्पाच्या अनुदानातून आले होते, त्यामुळे शक्य तितका खर्च ग्राफिक्स कार्डावर केला आणि उरलेल्या रकमेत बाकीचे बसवले. पहिले दोन महिने सुरळीत गेले. मग एप्रिल उजाडला आणि यंत्र रात्री आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. चार-चार दिवस चालणारी गणिते तिसऱ्या रात्री मरायची. आम्ही प्रणाली पुन्हा बसवली, प्रोग्राम तपासले, ग्राफिक्स कार्ड हमीखाली बदलून आणले. नवे कार्डही तसेच वागू लागले, तेव्हा आमच्या प्रबंध-मार्गदर्शकांनी विजेच्या लपंडावाला दोष दिला आणि विषय तिथेच थांबला. या गोंधळात माझे जवळजवळ दोन महिने गेले.

उलगडा केला तो उन्हाळी प्रकल्पासाठी आलेल्या पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलाने. त्याने सगळी हकिगत ऐकून एकच प्रश्न विचारला, "सर, एसएमपीएस कोणता आहे?" मला ठाऊक नव्हते. कॅबिनेटचे झाकण काढून त्याने बाजूचे लेबल वाचले. वर मोठ्या अक्षरांत '७५० वॅट' असे छापलेले होते. परंतु खालच्या बारीक कोष्टकात १२ व्होल्टच्या पुरवठ्यासमोर ४० अँपिअर लिहिलेले होते. म्हणजे १२ गुणिले ४०, ४८० वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही प्रामुख्याने १२ व्होल्टवरच जगतात. आमचे कार्ड ३२० वॅटचे, प्रोसेसर पूर्ण भारावर १४० वॅटचा, पंखे व इतर मिळून आणखी सुमारे ३० वॅट. बेरीज ४९० होते. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले होते आणि त्यांचा आम्हाला काडीचाही उपयोग नव्हता. त्यातच संध्याकाळी सहाला कार्यालय बंद झाले की शिपाई वातानुकूलन बंद करत असे, म्हणून यंत्र रात्रीच पडत होते. मुळात क्षमतेच्या काठावर चालणारा तो पुरवठा रात्रीच्या वाढत्या तापमानात हात टेकत होता. चांगला एसएमपीएस बसवल्यावर तेच कार्ड पुढे माझा प्रबंध पूर्ण होईपर्यंत चालले.

भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या माणसाला व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट हे शाळेपासून माहीत होते. ते लेबलवर वाचायचे असते, एवढेच कोणी शिकवले नव्हते. त्या मुलाला ते छंदाने शिकवले होते.

आता मूळ भौतिकशास्त्राकडे वळू. संगणक विजेचे रूपांतर कशात करतो? जवळजवळ पूर्णपणे उष्णतेत. दिव्यातून निदान थोडा प्रकाश बाहेर पडतो आणि पंप पाणी वर चढवतो; संगणकातून मात्र 'माहिती' बाहेर येते आणि तिचे ऊर्जामूल्य हिशेबात धरण्याइतकेही नसते. म्हणून ५०० वॅटचा संगणक म्हणजे ५०० वॅटची शेगडी होय, फक्त अत्यंत महागडी. तो अहोरात्र चालवला तर दिवसाला १२ युनिट वीज जळते आणि तेवढीच उष्णता खोलीत साचते. ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन लावले की त्याची वीज वेगळी.

ही स्थिती पूर्वीपासून अशी नव्हती. १९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ट्रान्झिस्टरचा आकार ज्या प्रमाणात लहान होतो त्याच प्रमाणात त्याचे व्होल्टेज कमी करत गेल्यास चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागे होणारा विजेचा खर्च स्थिर राहतो. पुढील तीन दशके उद्योगाने या नियमावर मजा केली. दर पिढीला गती वाढली आणि उष्णता फारशी भेडसावली नाही. २००५च्या सुमारास हा क्रम मोडला. व्होल्टेज आणखी खाली नेले की ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळणारा प्रवाह आवरेना. त्याआधीच, २००४ मध्ये, इंटेलने आपल्या अतिवेगवान प्रोसेसरांच्या मालिकेतील पुढचा आराखडा रद्द केला होता. तेव्हापासून संगणनाची मर्यादा गणिताने कमी आणि उष्णतेने अधिक ठरते. ए१०० या डेटा सेंटरच्या चिपची सर्वात मोठी आवृत्ती ४०० वॅट घेत होती, तिच्यानंतरची एच१०० ७०० वॅटपर्यंत घेते. घरगुती ग्राफिक्स कार्डेही ५७५ वॅटपर्यंत पोहोचली आहेत. घरातली इस्त्री हजार वॅटची असते, एवढे ध्यानात घेतले की या आकड्यांचा अर्थ कळतो.

हौशी मंडळींच्या मतांपैकी तीन मते मला भौतिकशास्त्राच्या कसोटीवर पूर्णपणे खरी उतरलेली दिसतात.

पहिले मत असे : पैसे कमी असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, परंतु एसएमपीएस चांगला घ्या. आधुनिक ग्राफिक्स कार्ड सरासरी ३५० वॅट घेत असले तरी काही सूक्ष्म क्षणांसाठी त्याची मागणी दुपटीपर्यंत उसळते. साधा वॅटमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्याला ही उसळी दिसत नाही. एसएमपीएसच्या संरक्षक मंडलाला मात्र ती दिसते आणि ते यंत्र बंद करते. पीसी उद्योगाने ही गोष्ट इतकी गांभीर्याने घेतली की एटीएक्स ३.० या मानकात ४५० वॅटहून मोठ्या पुरवठ्यांनी १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसलाच पाहिजे, अशी अट घालावी लागली. हौशी लोक मात्र 'अमुक कार्डाबरोबर तमुक पुरवठा पडतो' असे त्याआधीपासूनच ओरडून सांगत होते.

दुसरे मत असे : तापमान सांगायचे तर खोलीचे तापमानही सांगा. ही शिस्त त्यांच्यातील चांगल्या परीक्षकांनी स्वतः घालून घेतलेली आहे. शीतकाचे काम एका साध्या सूत्रात मावते. चिप आणि हवा यांच्या तापमानांतील फरक म्हणजे चिपची शक्ती गुणिले मार्गातील एकूण उष्णतारोध. समजा, प्रोसेसर १५० वॅट घेतो आणि चिपच्या गाभ्यापासून खोलीतील हवेपर्यंतचा रोध दर वॅटला ०.३५ अंश आहे. फरक सुमारे ५२ अंशांचा येतो. परीक्षकाची खोली २२ अंशांवर असेल तर चिप ७४ अंशांवर राहील आणि तो लिहील, "उत्तम शीतक." तोच शीतक मे महिन्यात नागपूर, बांदा किंवा बिकानेरच्या ४२ अंशांच्या खोलीत बसवला की चिप ९४ अंशांवर जाईल आणि गती आपोआप कमी करून जीव वाचवू लागेल. यात शीतकाचा दोष नाही आणि परीक्षकही खोटे बोललेला नाही. आपण फक्त त्याचे हवामान उसने घेतले. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश तापमान नोंदवले गेले, अशा देशात 'खोलीचे तापमान' हा शब्दप्रयोग जपून वापरायला हवा.

तिसरे मत असे : नवा शीतक घेण्याआधी व्होल्टेज उतरवून पाहा. चिपची क्रियाशील शक्ती ही धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के कमी केले तर शक्ती ०.८१ गुणिले ०.९५, म्हणजे सुमारे ०.७७ पट होते. पाच टक्के गती सोडली आणि तेवीस टक्के उष्णता वाचली, इतका फायदेशीर सौदा बाजारात क्वचितच मिळतो. कंपन्या तुलनेच्या आलेखात वरचा क्रमांक मिळावा म्हणून कार्ड नेहमी शेवटच्या टोकावर धावते ठेवतात. प्रयोगशाळेत चार-चार दिवस चालणाऱ्या गणिताला त्या शेवटच्या पाच टक्क्यांची मुळीच गरज नसते.

याच वृत्तीचे एक सार्वजनिक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ऑक्टोबर २०२२ पासून नव्या मोठ्या ग्राफिक्स कार्डांचे १२व्हीएचपीडब्ल्यूआर हे विजेचे जोड वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. हा जोड ६०० वॅटपर्यंत वीज वाहतो, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, सहा टाचण्यांत विभागून प्रत्येकी ८.३. टाचणीच्या स्पर्शाचा रोध १० मिलिओहम धरला तर तिथे सुमारे ०.७ वॅट उष्णता होते, ती सहज निघून जाते. पण काही टाचण्यांचा स्पर्श बिघडला आणि सगळा भार दोघींवरच आला, तर प्रत्येकीत २५ अँपिअर आणि उष्णता ६ वॅटहून अधिक. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते. तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूत ती मावत नाही आणि प्लास्टिक वितळते. प्रत्येक तारेला क्लॅम्प मीटर लावून प्रवाह समसमान वाटला जात नसल्याचे जगाला दाखवले ते ओव्हरक्लॉकिंगच्या छंदातून पुढे आलेल्या लोकांनी. विज्ञान याहून वेगळे काही नसते.

परंतु हौशी मतांचा मी भाट नाही. त्यांच्यातही भाबडेपणा भरपूर आहे आणि विद्यार्थ्यांनी तो ओळखायला हवा.

'१००० वॅटचा एसएमपीएस घेतला तर बिल हजार वॅटचे येईल' हा त्यातला सर्वात जुना गैरसमज. पुरवठ्यावरचा आकडा ही त्याची क्षमता आहे. संगणक मागेल तेवढीच वीज तो घेतो, वर स्वतःच्या तोट्याची थोडी भर. 'पाण्याचे शीतकरण लावले की खोली थंड राहते' हा दुसरा. पाण्याच्या घनमीटरमध्ये हवेच्या घनमीटरपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता मावते हे खरे, म्हणून ते चिपपासून उष्णता झटकन उचलते. पण शेवटी रेडिएटरमधून ती त्याच खोलीत सोडते. खोलीच्या दृष्टीने पाचशे वॅट ते पाचशेच वॅट. तिसरा गैरसमज '८० प्लस' या शिक्क्याचा. २००४ साली सुरू झालेला हा कार्यक्रम पुरवठ्याची कार्यक्षमता मोजतो, तीही सुमारे २३ अंश तापमानात. व्होल्टेजमधील तरंग किती आहेत, संरक्षक मंडले खरोखर काम करतात का, आतले कपॅसिटर किती वर्षे टिकतील, यांतील कशाचीच तो हमी देत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा ठोकताळा आपल्या उन्हाळ्याशी ताडून पाहा, म्हणजे 'गोल्ड' या शब्दापुढे किती प्रश्न शिल्लक राहतात ते कळेल.

तरीही कार्यक्षमता दुय्यम नाही, हेही हिशेबाने पाहू. चिपांना ४५० वॅट द्यायचे आहेत. ८२ टक्के कार्यक्षम पुरवठा भिंतीतून ५४९ वॅट ओढतो, ९० टक्के कार्यक्षम असलेला ५००. फरक ४९ वॅटचा; वर्षभर अखंड चालणाऱ्या यंत्रात तो सुमारे ४३० युनिटांचा होतो. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. आठवड्यातून दोन तास खेळणाऱ्या मुलाला हा फरक नगण्य आहे, विभागाच्या अखंड चालणाऱ्या यंत्राला तो महत्त्वाचा आहे. एकाच प्रश्नाची दोघांसाठी दोन उत्तरे असतात, आणि छंदातले निम्मे वाद हे न ओळखल्यामुळे होतात.

आता खास आपल्याकडचा प्रश्न, ज्याचा परदेशी परीक्षणांत उल्लेखही सापडत नाही : अर्थिंग. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. त्याचे कारण सोपे आहे. उच्च वारंवारतेचा गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी एसएमपीएसमध्ये विजेच्या दोन्ही तारांपासून कॅबिनेटपर्यंत एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग असेल तर हा क्षुल्लक प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, किंवा प्लगची तिसरी पिन कोणी मोडून टाकली असेल, तर दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकलेले कॅबिनेट २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे एरवी फक्त झिणझिण्या येतात. पण आतले विद्युतरोधन कधी फाटले तर त्याच कॅबिनेटवर जीवघेणा प्रवाह उतरू शकतो आणि त्याला वाट द्यायला अर्थिंग नसते. याच संगणकाला संवेदक जोडून प्रयोग करत असाल तर तुमच्या नोंदींत ५० हर्ट्झचा गोंगाट मिसळतो तो निराळाच. लाखाचे कार्ड घेण्याआधी दोनशे रुपये देऊन वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. यूपीएसचेही तसेच. '६०० व्हीए' असे लिहिलेला घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो; त्यावर ५०० वॅटचा संगणक लावला तर वीज जाताच दोघेही एकदम जातील.

हे सगळे एका टेबलाचे झाले. आता देशाच्या प्रमाणावर पाहू, कारण माझा मूळ आक्षेप तिथे आहे.

इंडिया एआय मिशनला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा १०,३०० कोटी रुपयांहून अधिक तरतूद आणि १०,००० हून अधिक ग्राफिक्स प्रोसेसर असे दोन आकडे सर्वत्र छापून आले. आपण पाठीमागे एक लहानसे गणित करू. समजा, हे दहा हजार प्रोसेसर ७०० वॅटच्या वर्गातील आहेत. नुसत्या चिपांची मागणी ७ मेगावॅट होते. त्यांना सांभाळणारे सर्व्हर, जाळे आणि शीतकरण वेगळे. आता ही ७ मेगावॅट उष्णता पूर्णपणे पाण्याच्या बाष्पीभवनाने बाहेर टाकायची ठरवली, तर किती पाणी लागेल? एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे एका मेगावॅटमागे तासाला सुमारे दीड हजार लिटर, दिवसाला ३६,००० लिटर. आणि ७ मेगावॅटला दिवसाकाठी अडीच लाख लिटर. प्रत्यक्षात बंद फेऱ्यांच्या आणि कोरड्या पद्धतीही वापरतात, तिथे पाणी कमी आणि वीज जास्त लागते. निवड कोणतीही करा, किंमत चुकत नाही. ती कोणत्या शहराच्या नळातून आणि कोणत्या उपकेंद्रातून जाणार, हा प्रश्न मात्र बातमीत यायला हवा.

आपल्या संस्थांना हे कळत नाही असे मी मुळीच म्हणत नाही. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाले; सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ते राबवतात. गांधीनगरच्या आयआयटीत २०२२ साली बसवलेल्या ८३८ टेराफ्लॉप्सच्या परम अनंत या यंत्रात द्रव थेट तापलेल्या भागापर्यंत नेणारे शीतकरण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतील तीन यंत्रे पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे राष्ट्राला अर्पण झाली. त्यांतील पुण्याचे यंत्र जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या निरीक्षणांसाठी वापरले जाते. ती बांधणाऱ्या अभियंत्यांनी वीज आणि उष्णता यांवर किती डोके खपवले असेल, याची मला कल्पना आहे. माझी तक्रार अशी आहे की त्यांच्या या कौशल्याला आपल्या सार्वजनिक चर्चेत स्थानच नाही. २००७ पासून 'ग्रीन ५००' ही यादी महासंगणकांना दर वॅटमागे किती गणित होते यावरून क्रम देते. जून २०२३ मध्ये पुण्यातील ऐरावत गतीच्या यादीत ७५ व्या क्रमांकावर आले, ती बातमी सर्वांनी वाचली. या दुसऱ्या यादीत आपली यंत्रे कुठे उभी आहेत, हे आपल्यापैकी किती जणांनी शोधून पाहिले?

यावर एक आक्षेप मला माझ्या मित्रांकडूनच ऐकू येतो. ते म्हणतात, आधी चिप तर येऊ देत. गरीब घरात पहिल्यांदा चूल पेटते, धुराड्याचे नंतर बघता येते. आक्षेप प्रामाणिक आहे. चिप मिळवण्यासाठी देशाला मोठी धडपड करावी लागते आहे, हे खरे आहे. परंतु धुराडे नंतर बसवायचे ठरवले की घर पाडून पुन्हा बांधावे लागते. विजेचा भार, अर्थिंग, पाण्याची फेरी, छताची उंची या गोष्टी इमारतीच्या आराखड्यातच ठरतात. शिवाय चिप चार-पाच वर्षांत जुनी होते. वीज आणि शीतकरणाची चांगली व्यवस्था वीस वर्षे टिकते आणि पुढच्या चार पिढ्यांना पोसते. कमी पैसे असलेल्यानेच ती आधी करावी.

लहान महाविद्यालयांत या दुर्लक्षाची किंमत अधिक जाणवते. अनुदानात 'उपकरण' या शीर्षाखाली लाखो रुपये मिळतात; परंतु त्या उपकरणाला लागणारी वेगळी वीजजोडणी, वातानुकूलन आणि दरमहाचे बिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, यावर कार्यालयात महिनोन् महिने कागद फिरतो. मग यंत्र खोक्यात राहते, किंवा पंख्याखाली चालवून दुसऱ्या उन्हाळ्यात मरते. हिशेबवहीत मात्र ते 'खरेदी पूर्ण' म्हणून नोंदलेले असते.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत आणि तिन्ही स्वस्त आहेत. संगणनाची प्रत्येक सार्वजनिक घोषणा करताना गतीबरोबर एकूण वीज, शीतकरणाची पद्धत आणि दर वॅटमागचे काम हे तीन आकडे प्रसिद्ध करावेत. संगणकीय उपकरणाच्या प्रत्येक अनुदानात वीज, अर्थिंग आणि शीतकरण यांचा वाटा उपकरणाच्या किमतीबरोबरच मंजूर व्हावा. आणि पदवीच्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग असावा : चालू संगणकाला वॅटमीटर लावा, व्होल्टेज उतरवत जा, चिपचे आणि खोलीचे तापमान नोंदवा आणि उष्णतारोध काढा. न्यूटनचा शीतकरणाचा नियम आपण अजूनही तांब्याच्या भांड्यातील गरम पाण्यावर शिकवतो. ते भांडे राहू द्या. पण शेजारी एक संगणकही ठेवा.

विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगेन की कोणाचेही मत, माझेसुद्धा, गृहीतक समजून घ्या. मत मांडणाऱ्याने काय मोजले, कोणत्या खोलीत मोजले, किती वेळ मोजले, हे विचारा. या तीन प्रश्नांना उत्तर देणारा हौशी माणूस, उत्तर न देणाऱ्या तज्ज्ञापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो. आमच्या त्या यंत्राचे निदान करणाऱ्या मुलाजवळ पदवी नव्हती, लेबल वाचण्याची सवय होती. तो आता एका संस्थेत पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये संशोधन करतो आणि अजूनही मला अधूनमधून विचारतो, "सर, नवा एसएमपीएस घेतलात ना? लेबलचा फोटो पाठवा."

मीही तुम्हाला तेच विचारतो. तुमच्या महाविद्यालयातील किंवा घरातील संगणकाच्या एसएमपीएसवरील १२ व्होल्टसमोरचा अँपिअरचा आकडा वाचा, पूर्ण भारावर चिपचे तापमान आणि त्याच वेळचे खोलीचे तापमान नोंदवा आणि गावाच्या नावासह खाली प्रतिक्रियेत लिहा. नोंदी पुरेशा जमल्या तर त्यांचा आलेख काढून मी इथेच मांडेन. झाकण काढण्याआधी मात्र प्लग भिंतीतून ओढून काढा, आणि एसएमपीएसचा डबा काही झाले तरी उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर वीज बंद केल्यावरही बराच वेळ तीनशे व्होल्टच्या वर भारलेला असू शकतो.